लाइट तर लागतेय की!

वायरचं नेट बंद पडलं की माणूस आधी खाली वाकून पोर्टकडे बघतो आणि म्हणतो, लाइट तर लागतेय की. हे वाक्य मी घरी ऐकलंय, ऑफिसात चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकलंय, आणि दरवेळी त्याचा अर्थ एकच असतो, वायरचं काही बघू नकोस, बाकी काय ते बघ. आता त्या दिव्याला विचारलेला असतो एकच प्रश्न, पलीकडे कुणी आहे का. तो इमानदारीत तेवढंच सांगतो. बाकीची सगळी उत्तरं आपण आपल्या मनाने त्याच्या तोंडी घालतो आणि मग अर्धा दिवस सेटिंगमध्ये डोकं खुपसून बसतो.

रास्पबेरी पाय म्हणजे एका बोर्डावर मावणारा छोटा स्वस्त कंप्यूटर, त्याच्या पहिल्या बोर्डावर तर गंमतच होती. २९ फेब्रुवारी २०१२ ला तो बाजारात आला, मॉडेल बी, ३५ डॉलरचा, आणि त्याच्या कोपऱ्यात बारके दिवे होते ओळीने. त्यातल्या शेवटच्या दिव्याशेजारी सुरुवातीच्या बोर्डांवर छापलं होतं १० एम, म्हणजे दहा मेगाबिट, आणि तो पेटायचा १०० ची लिंक लागल्यावर! पुढच्या आवृत्तीत छपाई सुधारली. पण म्हणजे बघा, यंत्र ठीक, वायर ठीक, लिंक ठीक, फक्त दिव्याखालचं लिहिलेलं चूक, आणि तेवढ्यावरून लोक आपलं नेट दहावरच अडकलंय म्हणून शोधत बसले असणार.

त्या पायचं वायरचं नेट तसंही जरा उधारीवरच होतं. मुख्य चिपमध्ये इथरनेटची, म्हणजे वायरच्या नेटची, सोयच नव्हती, म्हणून शेजारी वेगळी चिप बसवली आणि ती यूएसबीवर टांगली. पाय ३ पर्यंत, म्हणजे २०१६ पर्यंत, हाच कारभार. यूएसबी पोर्ट आणि नेटचा पोर्ट, सगळ्यांना मिळून एकच यूएसबी २ ची लाइन, ४८० मेगाबिटची. त्यामुळे हार्ड डिस्कने जोर लावला की नेट मंदावायचं, आणि कुणाचा तरी जुना मोबाइलचा चार्जर लावलेला असला तर व्होल्टेज खाली जाऊन चालू कामात नेटच गायब व्हायचं, आणि मग शिव्या राउटरला. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज दिसली की समजायचं, ५ व्होल्टचे ४.६३ च्या खाली आलेत. पण पाय कपाटावर ठेवलेला, त्याला स्क्रीन नाहीच, मग ती वीज बघणार कोण. २०१८ च्या थ्री बी प्लसमध्ये गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिट, आलं पण त्याच यूएसबीतून, म्हणून प्रत्यक्षात ३०० मेगाबिटच्या आसपासच. खरं स्वतःचं गिगाबिट आलं पाय ४ मध्ये, जून २०१९ ला, थेट मुख्य चिपमध्ये. आणि माझ्या घरची कथा सुरू झाली ती या ३ वरून ४ वर जाण्यातच.

वाईला आईबाबांचं जुनं घर आहे. भिंती अशा जाड की खालच्या राउटरचं वायफाय जिन्यातच दम तोडतं, म्हणून माडीवर फार पूर्वी वायर नेलेली. तिच्या टोकाला पाय ३ होता, त्याची कामं दोन. एक, घरातल्या सगळ्या फोनमधले फोटो हार्ड डिस्कवर उतरवून ठेवणं. दुसरं पाय-होल, म्हणजे घरातलं कुठलंही यंत्र साइटचा पत्ता विचारायला आधी याच्याकडे येणार आणि जाहिरातींचे पत्ते असतील तर हा सरळ नाही म्हणणार. हे बाबांसाठी. ते टॅबवर पेपर वाचायला घेतात आणि दोन ओळींनंतर बोट जाहिरातीवर पडून भलतीकडेच पोचतात. सगळं व्यवस्थित चालू होतं, फक्त फोटो उतरायला फार वेळ लागायचा, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पाय ४ नेला, जुन्यातलं मेमरी कार्ड काढून नव्यात घातलं, तीच वायर खोचली.

लाइट लागली. गेली. परत लागली, परत गेली.

बाबा मागे उभे. "अरे, जुनं चाललं होतं ना? मग कशाला हात लावलास?" आणि मग त्यांनी स्वतःच जुना पाय परत जोडायला लावला, तो लगेच चालू, नवा लावला की बंद. वायर तीच, राउटर तोच, बदललं काय तर फक्त यंत्र, म्हणजे नवं यंत्र खराब, परत दे. कोर्टात टिकेल असा युक्तिवाद आहे, मी काही बोलू शकलो नाही, पाय ४ उचलून खाली राउटरपाशी नेला आणि हातभर लांबीची पॅच कॉर्ड लावली. इथटूल म्हणून कमांड आहे, ती लिंकची खरी हकिकत सांगते, दिव्यापेक्षा कितीतरी जास्त. स्पीड १०००, डुप्लेक्स फुल (म्हणजे जाणं-येणं एकाच वेळी), लिंक डिटेक्टेड येस. नवं यंत्र ठणठणीत. परत माडीवर, आणि डीमेसेगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदवहीत, नुसती माळ, लिंक अप, लिंक डाउन, लिंक अप, लिंक डाउन.

इथे जरा जुन्या गोष्टीत शिरावं लागेल. या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या, नारंगी, हिरवी, निळी, चॉकलेटी. १९९० च्या दहा मेगाबिटला आणि १९९५ च्या शंभरला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. एकीवरून जायचं, दुसरीवरून यायचं. निळी आणि चॉकलेटी नुसती सोबतीला. १९९९ ला गिगाबिट आलं त्याला मात्र चारही जोड्या लागतात, आणि प्रत्येक जोडीवर एकाच वेळी जाणं-येणं दोन्ही चालू असतं. आता खरी मेख. दोन टोकांची यंत्रं एकमेकांना भेटल्यावर तुला काय येतं, मला काय येतं ही जी बोलणी करतात, त्याला ऑटो-निगोसिएशन म्हणतात, ती बोलणी जुन्या पद्धतीने त्याच १-२ आणि ३-६ वर होतात. पाय ४ म्हणतो मला हजार येतं, राउटर म्हणतो मलाही येतं, ठरलं तर मग हजार. दोन घरांनी बैठकीत मुहूर्त पक्का करून टाकला आणि कार्यालय मिळतंय का हे कुणी बघितलंच नाही, तसलं हे. मग हजाराने बोलायला जातात तर दोन जोड्यांवर पलीकडे कुणीच नाही, लिंक पडते, परत बोलणी, परत हजारच ठरतं. काही यंत्रं थोडा वेळ आपटून आपटून मुकाट्याने शंभरवर उतरतात, पण सगळीच उतरतात असं नाही, आणि आमच्या जोडगोळीचं काही उतरायचं लक्षण नव्हतं. पाय ३ ला हजार येतच नव्हतं, त्यामुळे त्याच्याशी बोलणी शंभरवरच व्हायची आणि शंभरला ती वायर पुरून उरत होती. म्हणजे बाबांनी बघितलं ते सगळं खरं होतं, फक्त दोषी दुसराच होता, आणि तो वर्षानुवर्षं तिथेच बसून होता.

खात्री करायला इथटूलनेच पाय ४ ला सांगितलं की बाबा रे, हजाराचं नावच काढू नको, शंभर फुल डुप्लेक्स एवढंच जाहीर कर. त्या क्षणी लिंक आली ती गेली नाही. इथे एक सांगून ठेवतो कारण बऱ्याच ठिकाणी उलटा सल्ला दिलेला असतो. बोलणी पूर्ण बंद करून स्पीड ठोकून बसवायचा नाही. एका टोकाने बोलणी बंद केली की दुसऱ्या टोकाला वेग ओळखता येतो पण फुल की हाफ डुप्लेक्स ते कळायला मार्ग नसतो, आणि नियमाप्रमाणे ते हाफ धरून चालतं. मग एक बोलत असताना दुसरा बोलतो, पिंग, म्हणजे पलीकडे पोचतंय का बघायची छोटी हाक, बिनचूक जातं आणि मोठी फाइल मात्र रांगत राहते, आणि हा प्रकार शोधायला सगळ्यात वाईट, कारण लाइट लागलेली, पिंग चालू, वेबसाइट पण हळूहळू का होईना उघडतायत.

शंभरवर सोडून देता आलं असतं. बाबांचं मत तेच होतं. पण मग पाय ४ घेतला कशाला.

वायर बघायला वायरमनला बोलावलं. हे आमच्याकडे पूर्वीपासून येतात, आता वय झालंय, सगळे मामाच म्हणतात. त्यांनी जिन्याखालचा लाकडी बोर्ड उघडला तर आत टेलिफोनचा जुना चौकोनी रोझेट, पिवळा पडलेला, आणि नेटच्या वायरीतली निळी जोडी मध्येच बाहेर काढून त्याच्या स्क्रूला आवळलेली.

"हे मीच केलंय," मामा म्हणाले. "तुमच्या आजोबांना वरती फोन पाहिजे होता. त्यांचे गुडघे दुखायचे ना. म्हटलं दुसरी वायर कशाला फोडायची, हिच्यात चार तारा मोकळ्याच आहेत."

आणि खरं सांगायचं तर ते काम अगदी शास्त्राला धरून होतं. मधल्या दोन पिना, ४ आणि ५, टेलिफोनच्या सॉकेटात फोनच्या लाइनच्या असतात, आणि दहा आणि शंभर मेगाबिटवाल्यांनी त्या दोन पिनांना हातच लावलेला नाही. फोनच्या लाइनवर ४८ व्होल्ट असतात आणि रिंग वाजताना त्याच्यावर आणखी एसी चढतो, त्यापासून नेटच्या तारा लांब राहिलेल्या बऱ्याच. आजोबा गेले, लँडलाइन काढून टाकली, निळी जोडी मात्र स्क्रूला तशीच. चॉकलेटी जोडी दोन्ही टोकांना मागे दुमडून वायरीलाच गुंडाळून ठेवली होती, छान नीटनेटकी, वरून टेप.

मामांनी रोझेट काढला, निळी जोडली, दोन्हीकडच्या क्लिपा, म्हणजे वायरीच्या टोकाचे प्लग, कापून नव्या दाबून बसवल्या. (नवा तुकडा जोडावा लागला त्याची वायर मी आधी ब्लेडने खरवडून बघितली. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास मिळते, खरवडली की आतून पांढरी. ती वाकवली की तुटते आणि लांब पल्ल्याला बिलकुल भरवशाची नाही. ही आतपर्यंत लाल होती.) मग टेस्टर. मामांचा टेस्टर म्हणजे नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचे दोन डबे, एक वर एक खाली, आणि १ पासून ८ पर्यंत दिवे एकामागून एक पळतात. मी वरून बघत होतो, एक, दोन, तीन, चार, सगळे क्रमाने, एकही गाळला नाही.

"ओके आहे दादा," खालून आवाज.

पाय ४ लावला. हजारची लिंक आली. मामा चहा घेऊन गेले. आणि फोटो उतरवायला लावले तर पहिल्यापेक्षाही हळू. मधूनच वेग यायचा, मधूनच थिजायचा, आणि इथटूलला सविस्तर आकडे विचारले तर सीआरसी एररचा आकडा बघता बघता वाढतोय. सीआरसी म्हणजे प्रत्येक पाकिटाच्या शेवटी लावलेली हिशेबाची खूण, पोचल्यावर हिशेब जुळला नाही की पाकीट फेकून द्यायचं. सॉफ्टवेअरने कितीही गोंधळ घातला तरी हा आकडा सहसा वाढत नाही. हा वाढतोय म्हणजे तारेतच काहीतरी.

क्लिप डोळ्यासमोर धरली. पारदर्शक असते ना ती, आतले रंग दिसतात. पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-निळी, निळी, पांढरी-चॉकलेटी, चॉकलेटी. डोळ्याला इतकं बरं वाटतं बघायला. प्रत्येक रंग आपापल्या जोडीदाराशेजारी. आणि हेच चूक आहे.

दुसऱ्या दिवशी मामांना दाखवलं तर ते ऐकेनात, आणि त्यांचा मुद्दा बिनतोड. "दोन्हीकडं सेम लावलंय की. एकची तार एकला, दोनची दोनला. मग रंग कुठला का असेना, तांब्याला रंग कळतो व्हय?"

तांब्याला रंग कळत नाही, पीळ कळतो. मी वायरीचं वरचं आवरण थोडं सोललं आणि जोड्या मोकळ्या करून दाखवल्या. नारंगीचा पीळ वेगळा, हिरवीचा वेगळा, कुठल्याच दोन जोड्यांचा सारखा नाही, मुद्दाम. एका जोडीतल्या दोन तारांवर उलटसुलट सिग्नल जातो आणि पीळ घातल्यामुळे बाहेरचा जो काही त्रास होईल तो दोघींना सारखाच होतो, मग पलीकडचं यंत्र दोघींतला फरक तेवढा वाचतं आणि त्रास आपोआप वजा होतो. पण यंत्राच्या हिशेबात जोडी कोण, तर पिन ३ आणि पिन ६. ४ आणि ५ फोनसाठी मध्ये सोडलेल्या म्हणून ही जोडी त्यांना ओलांडून बसते. मामांच्या क्रमात ३ वर पांढरी-हिरवी आणि ६ वर निळी, म्हणजे यंत्राने जोडी समजून वापरलेल्या दोन तारांनी एकमेकींना कधी वेटोळं घातलेलंच नाही, प्रत्येक जण भलतीच्याच गळ्यात. वीस-पंचवीस मीटर असं चाललं की एका जोडीचं दुसरीला ऐकू जायला लागतं. इंग्रजीत याला स्प्लिट पेअर म्हणतात. टेस्टर प्रत्येक तार सुटी सुटी तपासतो, बॅटरीच्या करंटने, त्याच्या लेखी सगळं ओकेच असतं आणि जन्मभर ओकेच राहणार. हे पकडणारा टेस्टर वेगळा असतो, महाग असतो आणि गल्लीतल्या वायरमनकडे तो नसतो.

मामांनी बराच वेळ ती सोललेली वायर बोटांत फिरवली. मग निळी उचलून मध्ये घातली, हिरवी पलीकडे सरकवली, पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-चॉकलेटी, चॉकलेटी, दोन्हीकडे. दिवे परत एक ते आठ पळाले, हुबेहूब कालच्यासारखेच. "मग हा टेस्टर मी कशाला घेतला?" असं जरा चिडूनच म्हणाले, आणि माझ्याकडे त्याचं बरं उत्तर नव्हतं. इथटूलमध्ये एररचा आकडा शून्यावर उभा. फोटो धो धो उतरायला लागले.

वायर संपली, पण घरात ओरडा सुरू. कुणाच्याच फोनवर काही उघडेना. याचं कारण मात्र पाच मिनिटांत सापडणारं आहे, म्हणून पटकन सांगतो. राउटरमध्ये पायचा आयपी पत्ता राखून ठेवलेला असतो तो मॅक ॲड्रेसच्या, म्हणजे नेटसाठी यंत्राला मिळालेल्या ओळख नंबराच्या नावाने, आणि मॅक बोर्डाबरोबर जातो, कार्डाबरोबर नाही. जुन्याचा बी८:२७:ईबी ने सुरू होणारा, नव्याचा डीसी:ए६:३२ ने. राउटरने नव्याला अनोळखी पाहुणा समजून दुसराच पत्ता दिला आणि अख्खं घर साइटचे पत्ते विचारायला जुन्याच दारावर धडका मारत राहिलं. राखीव यादीत मॅक बदलला की झालं. ज्यांना पायमध्येच पत्ता पक्का करायचाय त्यांनी एक लक्षात ठेवा, ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पायची सिस्टीम नेटवर्क-मॅनेजर वापरते, त्यामुळे आधी हे काम करणाऱ्या डीएचसीपीसीडीच्या फाइलमध्ये अमुक ओळी टाका असं सांगणारे सगळे जुने लेख वाया गेलेत. ओळी टाकल्या तर चूकही दाखवत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं. एनएमटीयूआय ही कमांड देऊन नेटवर्क-मॅनेजरची सेटिंग उघडा, तिथे होतं. आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर तो कुणी दिलेलाच नाही, बराच वेळ वाट बघून यंत्राने स्वतःच घेतलाय, त्यावर विसंबू नका.

यानंतर उन्हाळ्यापर्यंत शांतता होती. एप्रिलअखेरीस आईबाबा ताईकडे नगरला राहायला गेले ते चांगले महिनाभर, आणि जाताना आईने नेहमीप्रमाणे मेन स्विच खाली केला. परत आल्यावर आईचा फोन. "अरे, नेट अर्धंच आलंय."

अर्धं म्हणजे? तर काही साइट उघडतात, काही उघडत नाहीत. लाइट? लागतायत, सगळ्या. लांबून आत शिरून बघितलं, लिंक हजार, एरर शून्य, पत्ता बरोबर, बाहेर पिंग जातंय. असा सगळीकडे हिरवा कंदील असला की मला आता उलट जास्त धास्ती वाटते. शेवटी डेट टाइप केलं तर पायच्या लेखी अजून एप्रिलचा शेवट चालू होता, ज्या दिवशी आईने स्विच खाली केला तोच.

पाय ४ मध्ये घड्याळाला बॅटरी नसते (पाय ५ मध्ये घड्याळ आहे पण सेल आपण लावायचा). तो अधूनमधून वेळ कार्डावर लिहून ठेवतो, चालू झाल्यावर तिथून पुढे धरतो आणि मग नेटवरून खरी वेळ विचारतो. पण मी पाय-होलमध्ये डीएनएसएसईसी चालू ठेवलं होतं, म्हणजे साइटच्या पत्त्यांवरच्या सह्या तपासायच्या, आणि त्या सह्यांना तारखा असतात, अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत. पायच्या दृष्टीने मे महिन्यातल्या सह्या अजून भविष्यातल्या, म्हणून खोट्या. ज्या साइटचा पत्ता त्याला पडताळता येईना त्या बंद. आणि वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचं नाव शोधायला तो स्वतःलाच विचारणार, तिथेही अडलेला. वेळ नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून वेळ नाही.

तारीख हाताने घातली आणि सगळं सुटलं. मग पुढच्या खेपेला डीएस३२३१ चं बटण सेलवालं छोटं घड्याळाचं मॉड्यूल लावून टाकलं पायच्या पिनांवर.

बाबांचं म्हणणं होतं आईने मेन बंदच करू नये, त्यांनी बोर्डावर चिठ्ठीसुद्धा चिकटवली. मी आईच्या बाजूचा आहे, फक्त तेवढ्याने भागत नाही. वळवाच्या दिवसांत वीज कडाडते तेव्हा घरात आलेली फायबर काचेची असते, तिच्यातून काही येत नाही, पण जिन्यातून माडीपर्यंत गेलेली ती तांब्याची वायर चांगली लांबलचक आहे आणि जवळपास वीज पडली की तिच्यातच झटका तयार होतो, पोर्ट जातात ते असे. आणि त्याला मेन स्विच बंद केल्याने काही फरक पडत नाही, वायर उपसूनच ठेवावी लागते. तर आता जाताना आई मेन खाली करते आणि राउटरमागची ती एक क्लिप पण काढून ठेवते. कुठली ते कळावं म्हणून मामांनी तिला लाल टेप लावून दिलीय.